धोटा : एका मराठी खेळाच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर २०२३

२० जानेवारी

खेळाची मांडणी ठरली. तात्पुरतं नाव ‘धोटा’. पडद्यावर एक माग, मागावर जकार्ड, म्हणजे नक्षी उतरवणारं यंत्र, बाजूला कोरी कार्डं. कुठे भोक पाडायचं ते खेळणारा ठरवणार, मग माग सुरू करणार आणि चादर विणली जाताना बघणार. व्यापाऱ्यानं मागितलेली नक्षी उतरली तर पुढची ऑर्डर, नाहीतर पुन्हा कार्डं. मारामारी नाही, पळापळ नाही, मध्येच जाहिरात नाही. “मग खेळणार कोण बे हे?” मित्राचा प्रश्न. “मी,” अक्का म्हणाली. विषय संपला.

कोड माझ्याकडे. चित्रं मित्राकडे, तो पूर्व भागातला, घरी तेलुगू, आजोबांपासून सगळे मागावरचे. संवाद, कोड्यांचा क्रम आणि आवाज अक्काकडे. ती माझी थोरली बहीण, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिला सोपं वाटलेलं कोडं आम्हा दोघांना सुटत नाही. बसायला मित्राच्या काकांच्या कारखान्यातली ऑफिसची खोली. काकांचे निम्मे माग भंगारात गेले, उरलेले टॉवेलवर चालतात. भाडं नाही, विजेचं बिल वाटून. दिवसा मी दुकानदारांना हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवून देतो, मित्र लग्नपत्रिका करतो. खेळाचं काम सातनंतर, आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, चालू आहे तोवर मित्र आठच्या आत येत नाही.

आधी मराठी, मग तेलुगू, कन्नड, इंग्रजी. हा क्रम बदलायचा नाही, असं अक्कानं ठणकावलं आहे.

मायक्रोसॉफ्टनं परवा १०,००० माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं. त्यात ‘हेलो’ करणारा ३४३ इंडस्ट्रीज आणि बेथेस्डा इथलीही माणसं आहेत. आमच्यात कमी करायला कोणी नाही.

१२ फेब्रुवारी

परवापासून मुंबईची वंदे भारत सुरू झाली, गावभर तोच विषय. आम्ही रविवारभर जकार्डखाली.

यंत्र उघडून बघितल्याशिवाय खेळाचे नियम लिहायचे नाहीत असं ठरवलं होतं. काकांनी बंद मागावरचं एक जकार्ड उतरवून दाखवलं. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना बांधून त्यांची लांब माळ केलेली असते. एक कार्ड म्हणजे धोट्याची एक फेरी. कार्ड येऊन सुयांवर दाबलं जातं. जिथं भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो, वर जाणारी पट्टी त्याला उचलते आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागा वर येतो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, आकडा पट्टीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. पुढचं कार्ड.

भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच गोष्टींवर मोर उभा राहतो. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकारनं १८०४ साली हे यंत्र उभं केलं, आणि पुढं भोकाच्या कार्डांवरच पहिले संगणक माहिती वाचू लागले. मी सहा वर्षं कोड लिहितोय आणि हे माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर रोज खडखडत होतं. काकांना यात काही नवल वाटलं नाही. “आमच्याकडं कार्ड फाटलं की चिकटवतात, तुमच्यात काय करतात?” एवढंच विचारलं.

नियम पक्के झाले. खऱ्या जकार्डात शेकडो आकडे असतात, फोनच्या पडद्यावर बोटानं भोक पाडायचं म्हणजे २४च्या वर जाता येत नाही. सोलापुरी चादर दुहेरी विणीची, पालटली की तीच नक्षी उलट्या रंगांत. हे खेळात घ्यायचंच. काही ऑर्डरींत व्यापारी फक्त मागची बाजू दाखवेल.

आवाजाचं काम अक्काच्या वाट्याला आलं. चालू मागाजवळ माईक नेला की आवाज फाटतो. शेवटी एकूण खडखडाट अंगणातून, खिडकीची फळी लोटून घेतला, आणि धोट्याचा एकटा ठोका बंद मागावर हातानं धोटा ढकलून. हा ठोका चांगला आला आहे. खेळणाऱ्याला तो हजारदा ऐकायचा आहे, त्यामुळे त्याला कंटाळवाणा होऊन चालणार नाही.

५ मार्च

१ तारखेला गोडो ४.० आलं, म्हणजे खेळ बनवायच्या मोफत इंजिनाची नवी आवृत्ती. आज त्यात मराठी लिहून बघितली आणि तासाभरात इंजिन बदलायचं ठरलं.

आधी ज्या इंजिनात काम चालू होतं त्यात ‘विणकर’ लिहिलं की वेलांटी ‘व’च्या मागून येऊन ‘ण’च्या डोक्यावर बसायची. ‘नक्षी’चा ‘क्’ पाय मोडून वेगळा उभा. ‘व्यापाऱ्यानं’ या शब्दाचं काय व्हायचं ते लिहायची सोय नाही. कारण असं की मजकुरात अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असतात, वेलांटी ‘व’च्या नंतरच. ती पडद्यावर ‘व’च्या आधी काढायची, जोडाक्षराला एकच आकार द्यायचा, रफार उचलून पुढच्या अक्षरावर ठेवायचा, हे काम दुसऱ्याच एका प्रोग्रामनं करायचं असतं. हार्फबझ हा त्यातला सगळ्यात वापरातला. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळ्यांच्या पोटात तोच आहे आणि तो फुकट आहे. खेळांची इंजिनं मात्र वर्षानुवर्षं अक्षरामागं अक्षर चिकटवत राहिली, कारण इंग्रजीला आणि जपानीला तेवढ्यानं भागतं. त्यामुळे मराठी खेळवाले संवाद चित्रं म्हणून चिकटवतात, नाहीतर सरळ इंग्रजीत जातात.

गोडोच्या नव्या आवृत्तीत मजकुराचा विभाग नव्यानं लिहिलाय, त्यात हार्फबझ आहे. ‘व्यापाऱ्यानं’ जसंच्या तसं आलं. मित्रानं उठून दिवा लावला, म्हणजे ट्यूबलाइट.

आणखी एक. फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत होते. मजकुराच्या सेटिंगमध्ये भाषा मराठी अशी दिली की फॉन्टमध्ये सोय असल्यास मराठी वळण येतं. नोटो या फॉन्टमध्ये आहे. हे कोणाच्या लक्षात येणार, असं मित्र म्हणाला. अक्का म्हणाली, पहिलीतल्या पोराच्या.

लिहिलेला कोड निम्म्याहून जास्त पुन्हा लिहावा लागेल. पाडव्यापर्यंत.

३१ मार्च

पाडवा होऊन गेला, कोड अजून व्हायचाय.

काल एकाच दिवशी दोन बातम्या. लॉस अँजेलिसचा ई-थ्री हा व्हिडिओ खेळांचा मेळा या वर्षी भरणार नाही. मोठ्या कंपन्या येईनात. आणि लंडनला बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचं ‘सर्वोत्तम खेळ’ हे बक्षीस ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ला. समोर ‘एल्डन रिंग’ आणि ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ होते. लुका गालांते नावाच्या माणसानं हा खेळ एकट्यानं सुरू केला, तोही वेबपानासाठीच्या साध्या फ्रेमवर्कवर. चित्रं अशी की आमचा मित्र नाक मुरडेल. पण एकदा हातात घेतला की सुटत नाही. मित्राला हे मुद्दाम सांगितलं, कारण तो चार दिवस एका फुलाच्या पाकळीवर बसलाय.

२८ मे

ऊन. दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, संगणकही पंखा लावून हाय खातो. वीज गेली की थेट चहा.

१२ तारखेला ‘झेल्डा : टिअर्स ऑफ द किंग्डम’ आला. तीन दिवसांत १ कोटी प्रती खपल्याचं निन्टेंडोनं सांगितलं. निन्टेंडो भारतात अधिकृत विक्री करत नाही, आम्ही तो लोकांना खेळताना बघितला. काड्या-फळ्या जोडून काहीही बनवा आणि ते चालतं. हे कोणी कसं तपासून घेतलं असेल, याच विचारानं माझी झोप गेली. आमच्याकडे २४ धागे आहेत तरी रोज एक नवा घोळ निघतो.

गल्लीतल्या पोरांसाठी मोठी बातमी ती नाही. गेल्या जुलैपासून बंद असलेला बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा मारामारीचा खेळ, परत येतोय, उद्यापासून खेळता येणार. सरकारनं तीन महिन्यांच्या चाचणीवर सोडलाय; १८च्या खालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा. पोरं आज फोन चार्ज करून बसलीत. ही संधी साधून त्यांचे फोन मागून घेतले आणि ‘धोटा’ टाकून बघितला. हेच आमचं खरं गिऱ्हाईक. सात-आठ हजारांचे फोन, साठवण भरलेली, काच तडकलेली. तीन फोनवर माग काळाच दिसला. गोडोत चित्र काढायच्या तीन पद्धती आहेत. ‘मोबाइल’ नावाची पद्धत या फोनांना पेलत नाही, ‘कंपॅटिबिलिटी’ नावाची जुन्या ओपनजीएलवरची पेलते, पण ती अजून अर्धवट आहे. सावल्या गेल्या. मित्राचा चेहरा पडला. चादर दिसतेय, पुरे.

१६ जून

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी काल पाडली. विमानं उतरायला आड येते म्हणून इतकी वर्षं वाद चालू होता. सकाळपासून कोणी कामाला हात लावला नाही, ज्याच्या त्याच्या फोनवर तोच व्हिडिओ. काकांचं मत एक, मित्राचं दुसरं, मी मध्ये पडलो नाही.

स्वीडनच्या एम्ब्रेसर ग्रुपनं मंगळवारी मोठी काटछाट जाहीर केली. या कंपनीनं मागची काही वर्षं दिसेल तो स्टुडिओ विकत घेतला. मग दोन अब्ज डॉलरचा एक करार शेवटच्या घटकेला मोडला, आणि आता स्टुडिओ बंद करणार, चालू असलेले खेळ रद्द करणार. व्याज स्वस्त होतं तोवर घेत सुटायचं, महाग झालं की माणसं काढायची. २०२० आणि २१ मध्ये लोक घरात कोंडले गेले होते म्हणून खेळ खपले. तेच कायम चालणार असं धरून भरती झाली. हे यंदाचं सगळं दुखणं इथून आहे, खेळ वाईट निघाले म्हणून नाही.

आम्हाला याची झळ अशी : एका परदेशी प्रकाशकानं एप्रिलमध्ये आमचा नमुना बघून उत्साहानं बोलणं सुरू केलं होतं. आज दोन ओळींची मेल आली, या वर्षी नव्या खेळांना पैसे देणं थांबवलं आहे. ज्या बाईंशी बोलणं चालू होतं त्यांचा पत्ताही आता चालत नाही. त्यांना लिहायला हवं होतं काहीतरी, पण कुठं लिहिणार.

तेलुगू आणि कन्नड पुढच्या वर्षावर.

१५ जुलै

मंगळवारी जीएसटी परिषदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २८ टक्के कर ठरवला, तोही लावलेल्या पूर्ण रकमेवर. वर्तमानपत्रात मथळा ‘ऑनलाइन गेमिंगवर २८ टक्के’. त्या एका मथळ्यानं आमचा आठवडा गेला.

चालू खातं उघडायला बँकेत गेलो. व्यवसाय काय? मोबाइलचे गेम बनवतो. साहेबांनी चष्मा काढला. रमीचं का? म्हटलं नाही, चादर विणायचं. यावर ते जास्तच सावध झाले. फोनवर खेळ दाखवला, दोन ऑर्डरी त्यांच्याकडून विणून घेतल्या, मागं रांग लागली, तरी वरच्या शाखेला विचारतो म्हणाले. मामांचा फोन घरी आलाच : “पोराला सांगा, जुगाराच्या धंद्यात पडू नको.” एप्रिलमध्ये केंद्रानं आयटी नियमांत बदल केले त्यातही पैशांचे खेळ आणि बाकीचे खेळ असा भेद आहे. कागदावर आहे. चारचौघांत सगळाच ‘गेम’. आमच्या धंद्याला या राज्यात सगळ्यात जास्त नडतो तो हा गोंधळ. पत्ते लावणाऱ्या ॲपांच्या जाहिराती नट आणि क्रिकेटपटू करतात, त्यामुळे गेम म्हटलं की लोकांना त्याच आठवतात.

गोडो ४.१ आलं. खेळ उघडायला लागणारा वेळ कमी झाला.

२० ऑगस्ट

पाऊस नाही. उजनीची पातळी आणि पाणी कितव्या दिवशी येणार, बोलणं एवढंच.

संवाद एकेक अक्षर करत उमटवायचे होते. इंग्रजीत ते सरळ आहे. मराठीत ‘क्षणभर’ उमटताना आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’. ‘चिंधी’त आधी ‘च’, मग वेलांटी मागून उडी मारून पुढं. वाचणाऱ्याचे डोळे ठेचकाळतात. गोडोत याची एक सेटिंग खोलवर सापडली : अक्षरं मोजायची ती आकार ठरण्याआधी की ठरल्यानंतर. नंतर मोजायला लावलं आणि ‘क्ष’ एका झटक्यात आला. अक्काच्या व्यापाऱ्याला आता नीट बोलता येतं. तो फार बोलतो हा भाग निराळा, त्याचे निम्मे संवाद कापले. अक्का दोन दिवस बोलली नाही.

३ तारखेला बेल्जियमच्या लॅरियनचा ‘बाल्डर्स गेट ३’ पूर्ण स्वरूपात आला. तीन वर्षं अर्धवट खेळ लोकांच्या हातात देऊन, त्यांचं ऐकत ऐकत पुरा केला. मित्राच्या पुण्याच्या दोस्तानं एका शनिवारी पडदा दाखवत खेळून दाखवला. हेवा वाटला तो पैशाचा नाही, सवडीचा.

इथं एमपीएल या पैसे लावून खेळायच्या ॲपच्या कंपनीनं कराच्या निर्णयानंतर साडेतीनशेच्या आसपास माणसं कमी केली.

२ सप्टेंबर

‘सेंट्स रो’ करणारा व्होलिशन हा अमेरिकेतला तीस वर्षांचा स्टुडिओ परवा बंद केला, लगेच त्याच दिवसापासून. मालक एम्ब्रेसरच. काकांना वाचून दाखवलं. त्यांचे वडील गिरणीत होते. “आमची गिरणी तोट्यात गेली, संप झाले, मग टाळं लागलं. त्याला वर्षं गेली. हे एका दिवसात?” मग म्हणाले, “देणी तरी देतात का?” काही देतात. “मग बरे आहेत.”

१३ सप्टेंबर

आज काम झालंच नाही, फोन थांबेना.

युनिटी कंपनीनं काल नवीन शुल्क जाहीर केलं. जगातले निम्मे मोबाइल खेळ ज्या इंजिनात होतात ते हे. आता १ जानेवारीपासून खेळ प्रत्येक वेळी कोणाच्या फोनवर बसला की त्याचे पैसे. ‘पर्सनल’ योजनेत अट अशी, मागच्या बारा महिन्यांत २ लाख डॉलरची कमाई आणि एकूण २ लाख इन्स्टॉल झाले की पुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे अमेरिकेसारख्या देशांत २० सेंट, भारतासारख्या देशांत २ सेंट. आधी बाजारात आलेल्या खेळांनाही लागू.

पुण्याचा दोस्त फुकट खेळ करतो, जाहिरातीवर चालणारे. त्यानं फोनवरच हिशेब मांडला. २ सेंट म्हणजे दीड रुपयाच्या वर. खेळ बसवून एकदा उघडून काढून टाकणारा माणूस त्याला तेवढे मिळवून देत नाही. म्हणजे खेळ जितका पसरेल तितका खड्डा. एकाच माणसानं दोन फोनवर बसवला तर? कोणी मुद्दाम हजारदा बसवला तर? दिवसभरात कंपनीची उत्तरंही बदलत गेली. अटीपर्यंत पोचणारे लोक थोडे, हे खरं. पण तीन वर्षं एका इंजिनात घालवल्यावर ते उद्या काय मागेल हे सांगता येत नसेल तर अट किती लाखांची आहे याला काय अर्थ? काका बाजूला टॉवेल मोजत होते, म्हणाले, “सुताचं असंच आहे. विणायचं आपण, भाव त्यांचा.”

आम्ही मार्चमध्ये वेलांटीपायी इकडं आलो, त्यामुळे आज नुसते बघे. शहाणपण नाही, वेलांटीची कृपा.

२० सप्टेंबर

काल गणपती बसले. कारखान्यातल्या मूर्तीमागं मित्रानं खेळातली चादर खऱ्या मागावर विणून लावली. तीच कार्डं, खऱ्या आकड्यांच्या मापात वाढवून. काकांनी स्वतः माग लावला. मोराचा तुरा जरा आखूड आला, बाकी हुबेहूब.

‘टेरारिया’ करणाऱ्या री-लॉजिकनं काल गोडोला १ लाख डॉलर दिले, शिवाय दरमहा १,००० डॉलर. एफएनए नावाच्या दुसऱ्या मोफत साधनालाही तेवढेच. त्यांचा मुख्य खेळ युनिटीत नाही, तरी दिले. गोडो मूळ अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांचं, २०१४पासून सगळ्यांसाठी खुलं. एमआयटी परवाना, म्हणजे घेतलेली आवृत्ती आपली, कोणी मागे फिरवू शकत नाही. आमच्या अडचणी विचारायच्या जागी आता इतकी नवी माणसं आलीत की उत्तर मिळायला दोन दिवस लागतात. चालायचंच.

२३ सप्टेंबर

युनिटीनं काल माघार घेतली, निम्मी. ‘पर्सनल’वाल्यांना शुल्क नाही, कमाईची मर्यादा १ लाखावरून २ लाख डॉलर. इतरांना पुढच्या वर्षीच्या आवृत्तीपासून, आणि तेही कमाईच्या २.५ टक्के किंवा नव्या खेळणाऱ्यांच्या संख्येवर, यातलं जे कमी ते. दोस्त म्हणतो, चालू खेळ तिथंच संपवतो, पुढचा नाही. मला वाटतं तोही तिथंच राहील. घडी बसलेली असते.

१४ ऑक्टोबर

मायक्रोसॉफ्टचा ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही खेळांची कंपनी विकत घ्यायचा सौदा काल पुरा झाला. ६८.७ अब्ज डॉलर, म्हणजे आजच्या भावानं साधारण पावणेसहा लाख कोटी रुपये. एप्रिलमध्ये ब्रिटननं अडवला होता. क्लाउडवरून खेळ पुरवायचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या कंपनीला देऊन वाट काढली. युनिटीचे प्रमुख जॉन रिक्किटिएल्लो सोमवारी पायउतार झाले. ‘फोर्टनाइट’वाल्या एपिकनं सप्टेंबरअखेर ८३० माणसं काढली. सगळं एकाच पंधरवड्यात.

आमच्या बाजूनं : स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाचे १०० डॉलर भरले. हजार डॉलरची विक्री झाली की ते परत मिळतात, एरवी गेले. विक्रीतले ३० टक्के त्यांचे. मग अमेरिकन कराचा फॉर्म. पॅन क्रमांक टाकून दोन्ही देशांमधल्या कराराचा लाभ मागितला की स्वामित्वधनावर तिकडं १५ टक्के कापतात, नाही मागितला तर ३०. सीएंना हे समजावताना संध्याकाळ झाली. त्यांचं बाकी काम चादरवाल्यांच्या निर्यातीचं, डॉलर त्यांना नवे नाहीत. ‘खेळाचं स्वामित्वधन’ हे मात्र त्यांनी दोनदा मोठ्यानं वाचलं.

स्टीमचं पान मराठीत हवं होतं. स्टीमच्या भाषांत मराठी नाही, हिंदीही नाही. वर्णन इंग्रजीत, चित्रांत मराठी. लोकांनी ‘विशलिस्ट’मध्ये टाकावं म्हणून धडपड सुरू.

५ नोव्हेंबर

हैदराबादहून आज पहाटे परत. गेम डेव्हलपरांची परिषद २ ते ४. मित्राला तिथं भलताच मान, तेलुगूमुळे. मी मागं मागं.

बघण्यासारखं खूप, लिहिण्यासारखं थोडं. पैसा गुंतवणारे सगळे एकच विचारतात : रोज किती लोक परत येतात, खेळात विकायला काय आहे. एकदाच विकत घ्यायचा खेळ म्हटलं की नजर दुसरीकडं. पण कामाची माणसं भेटली. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२०मध्ये ‘राजी’ काढला, तो कन्सोलवर गेला, त्याचा दाखला जो तो देतो. मला आवडलं ते हे की त्या एका खेळामुळे ‘भारतातून होत नाही’ हे वाक्य कोणी उच्चारत नाही. एका बंगळुरूच्या मुलीनं आमचा खेळ उभ्या उभ्या पाच ऑर्डरींपर्यंत खेळला आणि विचारलं, कार्ड पुन्हा वापरता का येत नाही? खऱ्या मागावर येतं. हे तिला सोलापूरला न येता सुचलं. परतीच्या गाडीत तेच लिहीत आलो : जुन्या ऑर्डरीची कार्डं कापून नव्या माळेत जोडायची.

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. प्ले स्टोअरचा नवा नियम : १३ नोव्हेंबरनंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप प्रसिद्ध करण्याआधी किमान २० माणसांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागणार. बँकेचं खातं ऑक्टोबरअखेर मिळालं, त्यामुळे आमचं प्लेचं खातं आत्ता उघडलं जाणार. २५ डॉलर आणि वीस माणसं.

मोठ्या स्टुडिओला वीस माणसं म्हणजे एक मजला. पण चाचणी नको असं मी म्हणणार नाही, अक्कानं तर लगेच शाळेतल्या बायांची यादी केली.

९ डिसेंबर

‘जीटीए ६’ची झलक मंगळवारी पहाटे फुटली म्हणून कंपनीनं ठरल्या वेळेआधीच टाकली. एका दिवसात ९ कोटींवर लोकांनी बघितली. खेळ २०२५मध्ये, असं कंपनी म्हणते. गल्लीतली पोरं आत्तापासून वर्गणीचं बोलतायत. काल ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षाचा खेळ ‘बाल्डर्स गेट ३’. बक्षीस घेणाऱ्यांना बोलायला अर्धा मिनिट, जाहिरातींना हवा तेवढा वेळ. वर्षभर ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांच्याबद्दल व्यासपीठावरून चकार शब्द नाही, हे मला खटकलं.

गोडो ४.२वर आलो. कंपॅटिबिलिटी पद्धत बरीच सुधारली, मित्राला त्याच्या सावल्या परत मिळाल्या.

१३ डिसेंबर

ई-थ्री कायमचा बंद. यंदा स्टीमवर १४,०००च्या वर खेळ आले, त्या गर्दीत आमची विशलिस्ट रांगतेय. खऱ्या चादरीचा व्हिडिओ टाकला तेव्हा तेवढी उठली. तसेच आणखी करायचे, जाहिरातीवर पैसे घालायचे नाहीत.

२९ डिसेंबर

चाचणी २३ तारखेला सुरू झाली, म्हणजे ६ जानेवारीला चौदा दिवस भरतील. वीस हवे होते, सव्वीस घेतले, कारण मधूनच कोणी बाहेर पडलं आणि आकडा विसाखाली गेला तर पंचाईत. शाळेतल्या बाया, गल्लीतली पोरं, सीएंच्या ऑफिसातला कारकून, बँकेचे साहेब (त्यांनी स्वतः विचारलं), आणि कारखान्यातले पाच कामगार. निम्म्यांचे जीमेलचे पासवर्ड आठवत नव्हते. इंजिन बदलायला लागला नाही इतका वेळ त्यात गेला.

पोरं तिसऱ्या ऑर्डरीत अडकतात, बाया अडकत नाहीत. साहेब रात्री एकला खेळतात, नोंदीत दिसतं.

सगळ्यात कामाचं बोलले ते एक म्हातारे विणकर, आता घरीच असतात, नातवाच्या फोनवर खेळले. नवव्या ऑर्डरीपर्यंत न थांबता गेले आणि तिथं फोन ठेवून दिला. “हे कापड मी देणार नाही.” का, तर नक्षीत एक धागा ओळीनं चौदा कार्डं वरच राहतो, मध्ये कुठं बांधला जात नाही. दिसायला बरोबर, पण अंगावर घेतली की बोटात अडकून ओढला जाणार. खेळ त्याला पूर्ण गुण देतो, व्यापारी वरून कौतुकही करतो. “असल्या व्यापाऱ्याला मी माल घातला नसता,” म्हणाले.

नियम वाढवायचा हे नक्की. सलग सहा कार्डांच्या वर धागा मोकळा राहिला तर माल परत. वाद पुढचा : कार्डावर लाल ठिपका देऊन आधीच सांगायचं की चादर परत आल्यावर कळू द्यायचं. मित्र ठिपक्याच्या बाजूचा, पोरं वैतागून काढून टाकतील म्हणतो. अक्का म्हणते परत येऊ दे. नवव्यापासून बाविसाव्यापर्यंतच्या सगळ्या नक्ष्या या नियमात बसतात का ते आज रात्री तपासायला लावलंय. सात बसत नाहीत, त्यांत मोर आहे. मोर उद्या सकाळी म्हाताऱ्यांकडं घेऊन जायचा.